पाच दिवसांची पाठराखीण

मनस्विनीने फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि पेनचं टोपण काढलं. घरकाम करणाऱ्या बायकांची नोंद करत ती सिडकोतल्या इमारती पालथ्या घालत होती. तिसऱ्या मजल्यावर मंजुषाबाईंनी तिला आत घेतलं आणि लगेच पस्तावल्या.

"मावशी, इथं कामाला किती वर्षं झाली?"

सारजाबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कामाला नाय, बाई. ताईंचं लगीन झालं तवा पाठराखीण आले. पाच दिसांसाठी."

मनस्विनी हसली. "कधी?"

"बहात्तरला. दुष्काळ पडला त्या साली."

"आता दोन हजार तेरा चालू आहे, मावशी."

"व्हय. आताबी दुष्काळच हाय की."

"सुट्टी कधी असते?"

सारजाबाईने मंजुषाबाईंकडे पाहिलं.

"घरच्यासारखीच आहे ती," मंजुषाबाई म्हणाल्या. मनस्विनीने तो रकाना कोरा सोडला, अंगठा घेतला आणि शेजारच्या दाराकडे वळली.

घरच्यासारखी! मंजुषाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. पिशोरहून नवरी होऊन पाचोडला आल्या तेव्हा त्या अठराच्या, सारजा दहाची. परक्या घरात माहेरचं तेवढंच एक तोंड. पाचव्या दिवशी नवं कापड ओटीत घालून पाठराखणीला वाटेला लावायचं असतं. त्या आज-उद्या करत राहिल्या. दिवाळीच्या तोंडावर तिचा बाप कडुबा, त्यांच्याच वडिलांचा सालगडी, पायी चालत आला. लेकीला परत न्यायचं म्हणून काखेत तिच्यासाठी नव्या वहाणा होत्या. सारजा मळ्यात होती.

"ती यायला नाही म्हणते. इथं पोटभर जेवते," मंजुषाबाईंनी धडधडीत खोटं सांगितलं. मालकाच्या लेकीपुढे तो काय बोलणार? वहाणा ओट्यावर ठेवून गेला. त्या मंजुषाबाईंनी चुलीत घातल्या. पुढे शहरात फ्लॅट झाला, नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थायिक झाला. सारजा तेवढी राहिली.

"सारजा," त्या म्हणाल्या, "तुझा बाप तुला न्यायला आला होता."

"ठावं हाय. चुलीतली राख मीच काढली व्हती, ताई. वहाणांचे खिळे निघाले."

मंजुषाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "मग गेली का नाहीस?"

"नवरीनं ओटीत कापड घातल्याबिगर पाठराखणीनं निघायचं नसतं. मायनं बजावलं व्हतं."

"पिशोरला आता कोण आहे?"

"भाऊ हाय, बन्सी. दर सालाला बोलावतो."

मंजुषाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या. कपाट उघडून त्यांनी घडी न मोडलेली साडी काढली. सारजाबाईने हात पुसले आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. साडी ओटीत घालायची आणि 'नीट जा' म्हणायचं, एवढंच होतं.

खाली टँकरचा भोंगा वाजला. तीन जिने, दहा हंडे. मंजुषाबाईंचा हात नकळत दुखऱ्या गुडघ्याकडे गेला.

"आधी पाणी भरून घे," त्या म्हणाल्या.



"व्हय, ताई."

तिने पसरलेला पदर कमरेला खोचला आणि हंडा उचलला.