ती गोळी मला लागते

सिस्टरचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. वॉर्ड भरलेला, जोडीची नर्स रजेवर, आणि पेशंट म्हणजे एकेक नमुना! सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देतील तर शपथ. ‘झोप लागली का’ विचारलं, की आजी सुनेच्या कागाळ्या सुरू करायच्या. ‘दुखतंय का’ विचारलं, की पलीकडचा म्हणायचा, ‘ते तुम्हीच सांगा!’

त्यात आज खिडकीजवळ घड्याळजी काका आले. जन्म गेला घड्याळं दुरुस्त करण्यात, पण बोलायला बसले की वेळेचं भान नाही. मनगट मोडलेलं, प्लास्टर अजून ओलं, आणि यांचं चालूच, की शिडी कशी घसरली, शिडी मुळात कोणाची होती.

“काका, शिडी राहू द्या. कुठल्या औषधाची ॲलर्जी?”

“ते काय असतं?”

“खाज, पुरळ, असलं काही?”

“छे! कातडी माझी ठणठणीत. पण ती दुखण्यावरची लाल गोळी असते ना, ती मला लागते हं. आधीच सांगून ठेवतो.”

“बरं.”

“म्हणजे साधीसुधी नाही, फार लागते—”

“अहो, कळलं! बहिरी नाही मी. लागते तर देते की.”

डॉक्टरांनीही नेमकं तेच औषध लिहिलं होतं. दवाखान्यात ते पांढऱ्या गोळीत यायचं, एवढाच फरक. काकांनी पांढरी गोळी पाहिली, विश्वासाने तोंडात टाकली आणि पुन्हा शिडीवर आले.

थोड्याच वेळात शिडीची गोष्ट मध्येच थांबली. सिस्टरला आधी हायसं वाटलं. मग तिने वळून पाहिलं. काकांचे ओठ टम्म सुजले होते, डोळे मिटत चालले होते आणि छातीतून शिट्टी वाजत होती.

“डॉक्टर!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. ऑक्सिजन लावला, मांडीत इंजेक्शन गेलं, सलाईन सुरू झालं. तेवढ्यात काकू डबा घेऊन दारात उभ्या.

“अगं बाई! लाल गोळी दिलीत की काय यांना?”

“तेच म्हणाले, मला लागते म्हणून!”

“अगं, ऊन लागतं तशी लागते! मागच्या खेपेला मरता मरता वाचले!”

काकांचा चांगला हात सिस्टरने घट्ट धरला. “काका, श्वास घ्या. माझं ऐका हो, श्वास घ्या.” देवाशपथ, या माणसाने पुन्हा शिडीबद्दल बोलावं एवढंच तिला हवं होतं.

हळूहळू शिट्टी विरली. ओठांना रंग आला. डॉक्टरांनी घाम पुसला आणि मग त्यांचा पारा चढला.

“कमाल आहे या लोकांची! एवढी मोठी गोष्ट, सांगायला नको?”

‘नाहीतर काय!’ सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मास्कखालून घोगरा आवाज आला.

“सांगितलं की. दोनदा.”

काकांचं खरंच होतं. दुसऱ्यांदा तर सिस्टरने त्यांना पुरतं बोलूही दिलं नव्हतं.

हात धुऊन ती शेजारच्या खाटेकडे गेली. आजींना औषध द्यायचं होतं. ट्रे बाजूला ठेवून तिने स्टूल ओढलं.

“आजी, आजवर कुठलं औषध घेतल्यावर काय काय त्रास झाला, ते सावकाश सांगा.”

आजींनी सुनेपासून सुरुवात केली. सिस्टर ऐकत बसली.