भिंतीतले नऊ दिवे

आमच्या घराची भिंत देशाच्या झेंड्यावर आहे. खोटं सांगत नाही. झेंड्यावर ते नऊ पांढरे ठिपके असतात ना, ती आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीतली भोकं आहेत.

लढाई आमच्याच रस्त्यावर झाली. जुन्या राजवटीचं सैन्य शहरात शिरत होतं आणि शेजारपाजारच्या मूठभर माणसांनी आमच्या घरात दबा धरून त्याला रोखलं. त्यात माझा नवरा होता. बस चालवायचा तो. त्याआधी बंदूक कधी हातात धरली नव्हती. मी पोटुशी, सासूबाईंना घेऊन माहेरी गेले होते. मदत आली तोवर घरात कोणी जिवंत उरलं नव्हतं, पण सैन्य मागे फिरलं होतं आणि देश आमचा झाला होता. नव्या देशाला झेंडा हवा होता. कोणाची तरी नजर आमच्या भिंतीवर गेली. भोकं खरं तर कितीतरी जास्त होती. पण कापडावर नऊ शोभून दिसली, म्हणून बाकीची सरकारनेच सिमेंटने बुजवून टाकली. उरलेल्यांना कोणी हात लावायचा नाही, असा कायदा झाला.

नवऱ्याचा मला अभिमान आहे. तो कोणी मला शिकवायला नको. पण माझ्या मुलीला दमा आहे, आणि त्या नऊ भोकांतून सगळा हिवाळा आमच्या अंथरुणात येतो.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. चालायला लागली तशी गोल गोल फिरायची, म्हणून. आता दोन गिरक्या घेतल्या की छातीवर हात ठेवून बसते. मागच्या स्वयंपाकघरात निजवून पाहिलं, तर तिथल्या ओलीने ताप भरला. शेवटी रोज संध्याकाळी मी भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबायचे आणि सकाळी शाळांच्या सहली यायच्या आत उपसून काढायचे. मग दिवसभर लॉन्ड्रीत लोकांचे कपडे इस्त्री करायचे. असं आमचं चाललं होतं.

यंदा डॉक्टरीणबाईंनी तिची छाती तपासली आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "या खोलीत हिचा हा हिवाळा निघणार नाही. भिंत बुजवा, नाहीतर घर सोडा."

मी स्मारक खात्याच्या साहेबांकडे गेले. ते नेहमी मोजायची फीत खिशात घालून यायचे, म्हणून आम्ही त्यांना फीतवाले म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, तुम्ही काय मागताय ते कळतंय का तुम्हाला?" ते म्हणाले. "उद्या झेंड्यावरचे ठिपके पुसायला सांगाल."

"झेंडा खोकत नाही साहेब. माझी मुलगी खोकते."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "उलट यंदा बोळेसुद्धा घालू नका. वर्धापनदिनाला तुमच्या खोलीत मोठा दिवा लावायचा ठरलंय. रस्त्यावरून नऊ भोकं उजळलेली दिसतील. वरपर्यंत मंजूर झालंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कोणावर ओरडणार? मी उठून आले.

घर सोडायचं म्हटलं तर सासूबाई. खिडकीजवळच्या खालच्या भोकातून त्यांचा मुलगा शेवटपर्यंत बाहेर बघत होता, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. रोज सकाळी सासूबाई त्याच भोकात बोट घालून उभ्या राहायच्या. सहलीच्या मुलांना सांगायच्या, "इथे होता माझा बाळ." त्यांचा तसा फोटो शाळेच्या पुस्तकात छापलाय. मी घराचा विषय काढला की म्हणायच्या, "तू जा. मी त्याला एकटं टाकून यायची नाही."

"आई, तो गेला. ही आहे अजून."

"आईला असं सांगतात होय गं?" असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी त्यांच्यापुढे हात टेकले होते. भिंगरीला त्यांच्याशिवाय झोप लागत नव्हती आणि मला कामावर जायला त्यांच्याशिवाय गत नव्हती. कोणाला तोडणार होते मी?

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी खात्याच्या माणसांनी खोलीच्या मध्यभागी दिवा उभा केला. बोळे स्वतः मोजून बाहेर नेले. रस्त्यावर ही गर्दी, मुंगीला शिरायला जागा नाही. फीतवाल्यांनी आम्हाला सांगितलं, "कार्यक्रम होईस्तोवर दार उघडू नका. आणि दिव्यापुढे उभं राहू नका, तेवढं सांभाळा."

गार वारं भोकाभोकातून शिट्टी घालत होतं. मी भिंगरीला दोन गोधड्यांत गुंडाळून कोपऱ्यात बसवलं होतं. बाहेर भाषण सुरू झालं आणि तिचा श्वास अडकला. आधी घुरघुर, मग ती उठून उभीच राहिली, दोन्ही हात हवेत मारत. मी तिला उचलून इकडे फिरतेय, तिकडे फिरतेय, पाठ चोळतेय, औषध पाजतेय, ते सगळं बाहेर येतंय. सासूबाई पाणी घेऊन माझ्यामागे पळतायत. दिवा मध्ये, आणि आम्ही तिघी त्याच्यापुढून मागून नुसत्या सैरावैरा.

बाहेर टाळ्या पडल्या. मला आधी कळेचना, कशाला. मग कळलं. आमच्या सावल्या भोकांवरून फिरत होत्या. बाहेरून दिवे लुकलुकताना दिसत होते. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय.

भिंगरीचे ओठ निळे पडले होते.

दारावर थाप पडली. फीतवाले हळू आवाजात म्हणाले, "छान दिसतंय, पण आता स्थिर ठेवा. उजेड अडतोय."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंगरीकडे बघत होत्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि रात्रीसाठी मळून ठेवलेली कणकेची परात घेऊन आल्या. मोठा गोळा तोडला, खिडकीजवळच्या त्या खालच्या भोकाशी गेल्या, आणि ज्या बोटांनी रोज तिथे आपला मुलगा चाचपायच्या, त्याच बोटांनी त्यांनी ते बुजवलं. सगळ्यात आधी ते. मग दुसरं. मग तिसरं. रडत होत्या आणि पुटपुटत होत्या, "पुरे झालं रे बाळा, पुरे झालं."

नववं भोक बुजलं तेव्हा वारं थांबलं. बाहेरही अगदी सामसूम झाली होती. खोलीत फक्त माझ्या मुलीचा श्वास ऐकू येत होता, आणि तो फार थोडा उरला होता.

"दवाखान्यात," सासूबाई म्हणाल्या. त्यांनीच कडी काढली.

बाहेर सगळा रस्ता माना खाली घालून उभा होता. बायका डोळे पुसत होत्या. एकामागून एक दिवे विझले, म्हणजे एकामागून एक वीर पडले, असा अर्थ लावला होता त्यांनी. कोणी हलत नव्हतं. मी लेकीला छातीशी धरून घुसले. "वाट द्या," मी म्हणाले. "माझी मुलगी मरतेय, वाट द्या."

कोणीतरी म्हणालं, "शू."

खरंच म्हणालं. मी आयुष्यात विसरणार नाही. सासूबाई माझ्या पुढे झाल्या आणि कणकेने माखलेल्या हातांनी माणसं ढकलायला लागल्या. त्यांना ओळखून लोकांनी हात जोडले. हात जोडले, पण जागचे हलले नाहीत. दवाखाना पुढच्याच गल्लीत होता. तिथवर आम्ही कशा पोचलो, ते आमचं आम्हाला ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी तिला ऑक्सिजन लावला. पहाटे म्हणाल्या, "आज वाचली. परत त्या खोलीत नेलीत तर माझ्याकडे आणू नका."

सकाळी फीतवाले आले. हातात फुलं होती. खाटेकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "कालचं सगळ्यांना फार भिडलं हो आजी. आधी लुकलुकणं, मग एकेक विझणं. वरून निरोप आलाय, दरवर्षी तसंच करायचं. तुमच्याच हातून."

"आम्ही परत येणार नाही तिथे," सासूबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "सून लॉन्ड्रीतल्या मागच्या खोलीचं विचारणार आहे. ऊब असते तिथे."

"पण तुमचा मुलगा तिथे..."

"साहेब, एक काम कराल?" त्यांनी विचारलं. "काल गर्दीत 'शू' कोण म्हणालं, तेवढं शोधून सांगाल?"

फुलं खाटेच्या पायथ्याशी ठेवून फीतवाले निघून गेले. सासूबाई नातीजवळ सरकल्या आणि तिच्या छातीवर हात ठेवून बसल्या. नखांत वाळलेली कणीक त्यांनी अजून काढली नव्हती.