चार पदकांचा कायमचा पत्ता

वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी ताईंनी ठरवलं, की वडिलांची चार युद्धपदकं आता योग्य ठिकाणी पोचवायची. पुढच्या महिन्यात त्या स्वतःचं घर सोडून धाकट्या भावाकडे राहायला जाणार होत्या, आणि तिथे पदकांचं काय होईल याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. धाकट्याच्या सुनेने पदकांसाठी एक खण मोकळा केला होता. अगदी मोकळा नव्हे. त्यात जुन्या बॅटऱ्या होत्या, बंद पडलेली घड्याळं होती आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या.

"खणात काय वाईट आहे?" धाकट्याने विचारलं.

"बाबांचं नाव किल्ल्यांखाली नाही राहणार. चार माणसं वाचतील अशा जागी राहील."

वडिलांच्या पलटणीने ताईंच्या पत्राला उत्तर पाठवलं. त्यात त्यागाबद्दल कृतज्ञता आणि जागेअभावी दिलगिरी होती. वडिलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी करंडकांचं कपाट उघडून दाखवलं. धावण्याच्या शर्यतीचा पेला आणि चित्रकलेची ढाल यांच्यामध्ये वीतभर जागा होती. "कुठल्या स्पर्धेची आहेत ही?" त्यांनी आपुलकीने विचारलं. ताईंनी पदकांची डबी मिटली.

उरलं संग्रहालय. या वेळी धाकटाही बरोबर होता. तिथल्या संग्रहपाल बाईंनी हातमोजे चढवले, पहिलं पदक दिव्याखाली धरलं आणि भिंगातून त्याची कड गोल फिरवत पाहिली. मग दुसरं, तिसरं, चौथं. मग पुन्हा पहिलं.

"फारच चकचकीत आहेत," त्या म्हणाल्या.

ताईंना ती शाबासकी वाटली. "दर रविवारी घासते. बाबा गेले तेव्हापासून. एकावन्न वर्षं झाली. दात घासायची पांढरी पावडर आणि मऊ फडकं. एक रविवार चुकवला नाही."

"माझं लग्न रविवारी होतं," धाकट्याने साक्ष दिली. "वऱ्हाड खाली गाडीत ताटकळलंय आणि ही वर पदकं घासतेय."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. अशा पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, असं त्यांनी सांगितलं. या चारांपैकी पहिल्यावर दोन आकडे उरले होते आणि तिसऱ्यावर एक अर्धं अक्षर. बाकी सगळं गुळगुळीत होतं.

"पावडर म्हणजे शेवटी बारीक वाळूच हो. नाव होतं. घासून गेलं."

ताईंनी पहिलं पदक उचलून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मी म्हणतच होतो, जरा कमी घास," धाकटा म्हणाला.

"कधी म्हणालास?"

"मनात."

ताईंनी पिशवीतून वडिलांच्या नोकरीचे कागद काढले. बाईंनी ते नीट वाचले. कागद खरे होते, यात शंका नव्हती. पण कागदांतली पदकं ती हीच, याला पुरावा नव्हता. युद्धाच्या दालनात त्यांच्या नावाने ती मांडता येणार नव्हती.

मग बाई जरा अडखळल्या. "एका ठिकाणी मात्र घेता येतील. तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर."

ते ठिकाण म्हणजे वरच्या मजल्यावरची कार्यशाळा. जुन्या वस्तू कशा सांभाळायच्या हे तिथे या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना शिकवत, आणि कशा सांभाळायच्या नाहीत यासाठी एक वेगळी फळी होती. तिच्यावर कुणी गोंदाने जोडलेली सुरई होती, कुणी वॉर्निश फासलेलं चित्र होतं. घासून झिजवलेल्या धातूचा चांगला नमुना मात्र त्यांच्याकडे नव्हता.

"इतकं नियमित काम आमच्या पाहण्यात नाही," बाई मनापासून म्हणाल्या. "वर्षाला दोन तुकड्या येतात. प्रत्येक जण हातात घेऊन बघेल."

"आणि खालच्या दालनात असती तर?" धाकट्याने विचारलं.

"आमच्याकडे तीनशे पदकं आहेत. चाळीस मांडलीत. बाकीची तळघरात, खणांमध्ये."

"खणांमध्ये," ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घासणार कोण?"

"कोणीच नाही. ती आता काळीच पडू द्यायची."

ताईंनी पिशवीतलं फडकं आणखी खाली सारलं. "शेजारी चिठ्ठी लावाल ना? काय लिहाल तिच्यावर?"

"अति घासण्याने झालेली झीज, कालावधी एकावन्न वर्षं. खाली देणगीदाराचं नाव."

"म्हणजे ज्याने वाट लावली त्याचं. बाबांचं नाही."

"पुराव्याशिवाय मला ते लिहिता येत नाही. देणगीदाराचं पूर्ण नाव मात्र अर्जात असेल तसंच्या तसं लिहावं लागतं. त्याला पुरावा लागत नाही, सही पुरते."

अर्जात नावासाठी तीन रकाने होते: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. ताईंनी पहिला भरला आणि दुसऱ्यापाशी पेन थांबवलं. मग बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

धाकट्याच्याही लक्षात आलं. "बरं झालं, तू लग्न नाही केलंस."

"हे आज सुचलं होय? आणि तीस वर्षं स्थळं घेऊन कोण यायचं?"

दुसरा रकाना त्यांनी इतका ठळक भरला, की अक्षरं चौकटीबाहेर गेली. बाईंनी नवा अर्ज पुढे केला. चौकटीत असेल तेवढंच धरतात, म्हणाल्या. ताईंनी पुन्हा लिहिलं, बारीक आणि सुटं. मग अर्ज धाकट्यासमोर सरकवला.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."