टेंगूळ मागच्या बाजूला

सरिता अंबडच्या एका कारखान्यात तयार माल तपासते. पत्र्याला पडलेला पोचा पाहून मार कुठून बसला ते ती सांगते. कामगारांच्या सबबींवर विश्वास ठेवणं तिने कधीच सोडलं, आणि ती सवय घरीही आली. वणीच्या गडावरून तिची आई लंकाबाई टेंगूळ घेऊन परतली, तेव्हा सरिताने आधी टेंगूळच निरखलं. ते डोक्याच्या मागच्या बाजूला होतं.

मिनीबसचा ड्रायव्हर हिरामण आईला दारापर्यंत सोडायला आला होता. गडाच्या पायथ्याचं नांदुरी सोडल्यावर शेळी आडवी आली, त्याने करकचून ब्रेक दाबला आणि आजी पडल्या, असं त्याचं म्हणणं.

सरिताच्या मनात पाल चुकचुकली. ब्रेकने गाडी थांबते, माणसाचं अंग मात्र पुढे जातच राहतं. मग आई तोंडावर आपटायला हवी होती. ती उताणी पडली, म्हणजे ती नीट बसायच्या आतच याने गाडी उचलली. पाय गाडीबरोबर गेले, डोकं मागे राहिलं. आणि हा बेटा शेळीच्या माथी पाप मारून मोकळा! तिने गाडीमालकाला फोन करून सगळं समजावलं. त्यालाही ते पटलं.

दोन दिवसांनी हिरामणला कामावरून काढल्याचं मालकाने कळवलं. सरिताने ते मोठ्या ऐटीत आईला सांगितलं.

मेथी निवडणारे लंकाबाईचे हात थांबले. "त्याला कशापायी काढला? त्यानं बरेकच मारला व्हता."

"मग तू मागे कशी पडलीस?"

"मी मागं गडाकडं तोंड करून उभी व्हते. गड दिसतोय तवर देवीला पाठ दाखवू नाय."

चालत्या गाडीत उभी राहिली म्हणून लेक रागावेल, या भीतीने ती गप्प बसली होती. विचारलं तरी कोणी होतं?

सरिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा तर्क बरोबर होता, फक्त आईचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते तिने हिशेबात धरलंच नव्हतं. मालकाला फोन केला, तर हिरामणच्या जागी दुसरा माणूस गाडी घेऊन निघालासुद्धा होता.

मग तिने हिरामणला फोन लावला आणि चूक कबूल केली.

"आजीचं डोकं दुखतंय का अजून?" त्याने विचारलं.

सरिताला सांगता येईना. टेंगूळ तिने तीनदा तपासलं होतं, पण दुखतंय का, हे आईला एकदाही विचारलं नव्हतं.