शून्याखाली गेलेली संत्री

मित्रांनो, मी एक जुना चल आहे. बीजगणितात तुम्हाला क्ष भेटतो ना, त्याचा मी दूरचा भाऊ. तो वहीत लोळत असतो आणि मी काटोलच्या संत्रा बाजारात, वजनकाट्याच्या संगणकात नोकरी करतो. तिथला मुख्य कारभारी म्हणजे कर्नेल. काट्याचं बोलणं त्याला समजावणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरच्या फाइलीत माझा जन्म झाला.

नागपुरात गांधीबागेत, साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत प्रोग्राम लिहिणाऱ्या भूपेशभाऊंनी मला घडवलं. रिकाम्या कॅरेटचं वजन लक्षात ठेवणं हे माझं काम. भरलेलं कॅरेट काट्यावर आलं की त्यातून मला वजा करायचं. उरलं ते निव्वळ संत्र्यांचं वजन. माझं काम इतकं चोख, की कॅरेटवरची माशी उडाली तरी आकडा हलायचा. खोटं वाटत असेल तर त्या माशीला विचारा!

घडवताना एक मात्र राहून गेलं. माझं दार उघडंच होतं. कर्नेलमधला कुठलाही ड्रायव्हर मला पाहू शके, बदलूही शके.

पुढे बाजाराच्या फाटकावर टेम्पोचा मोठा काटा आला, आमच्याच संगणकाला जोडलेला. त्याचा ड्रायव्हर भूपेशभाऊंनीच लिहिला, तोही घाईघाईत. रिकाम्या टेम्पोचं वजन ठेवायला एक चल हवा होता. नवा कोण करतो? मी होतोच समोर. त्यांनी मलाच कामाला जुंपलं आणि विसरून गेले.

एके सकाळी तुळजाबाईंनी आपल्या बागेतल्या संत्र्यांचं कॅरेट काट्यावर ठेवलं. नेमका तेव्हाच फाटकावर रिकामा टेम्पो चढला. झालं! कॅरेटमधून अख्खा टेम्पो वजा. आकडा धाडकन शून्याखाली.

"काहून गा, माझे संत्रे काय उडून राहिले?" तुळजाबाई कडाडल्या. "हा काटा उचला इथून!"

बाजारवाल्यांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. तोवर काटा सुधारला नाही, तर तो भंगारात जाणार होता. त्याच्यासोबत मीही.

निरोप नागपूरला गेला. तिथं भूपेशभाऊंबरोबर ऋतुजा काम करते. तिनं माझी फाइल उघडली.

"भाऊ, याले असा उघडा काहून ठेवला?"

"अवं, त्याले कोण हात लावते?"

"पाहू ना, कोण लावते तं."

तिनं माझ्या नावाआधी एकच शब्द लिहिला: स्टॅटिक. म्हणजे हा चल या फाइलीपुरता, बाहेरच्यांना दिसायचा नाही. मग कर्नेल नव्यानं बांधायला घेतला. तोच मोठ्या काट्याचा ड्रायव्हर बोंबलला, "माझा चल कुठे गेला?"

"सापडला चोर!" ऋतुजा हसली.

भूपेशभाऊंनी कपाळावर हात मारला. "चोर मीच आहो वं. दे त्याले त्याचा वेगळा चल."

उन्हं कलायच्या आत दोघं काटोलला पोचली. तुळजाबाईंनी कॅरेट ठेवलं आणि मुद्दाम फाटकावर टेम्पो चढवायला लावला. सगळे आकड्याकडे पाहत राहिले. आकडा तसूभर हलला नाही.

बाईंनी एक संत्रं सोललं, एक फोड काट्याशेजारी ठेवली. "घे गा, तुह्या वाट्याची."

तिचा वास अजून कर्नेलमध्ये दरवळतो, शपथ!

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्राम लिहाल. चल जन्माला घातलात की त्याचं दार लावायला विसरू नका. दुसऱ्याचा हाताशी असला, तरी आपल्यापुरता नवा करा. तेवढी काळजी आम्हाला पुरते. आता मी कुणाला दिसत नाही; पण तुळजाबाईंचं कॅरेट आलं की त्यांच्या संत्र्यांचा आकडा खरा निघतो.