ताऱ्याच्या डागांतली वाफ

सरांना सांगायचं म्हणून तीन आठवडे मी रोज मनाशी वाक्यं जुळवत होते, आणि रोज मूग गिळून घरी जात होते.

आम्ही अभ्यासतो तो दूरचा ग्रह त्याच्या ताऱ्यापुढून सरकतो, तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. त्यातला कुठला रंग कमी पडला ते पाहिलं की हवेत कुठला वायू आहे ते कळतं. आम्हाला पाण्याची वाफ सापडली होती. सहा वर्षं मी आणि सर, दोघंच तिच्यामागे. बाकीचे केव्हाच मोठ्या गटांत पळाले. आई फोनवर एवढंच विचारते, "तिथे एखादं स्थळ आहे का गं?"

लेख पुढच्या महिन्यात छापून येणार होता. आणि चूक माझीच निघाली. पहिल्याच वर्षी मी गणितात ताऱ्यावर एकही डाग नाही असं धरलं होतं. आमचा तारा मुळात थंड, त्याचे डाग त्याहून थंड. इतके, की वाफ त्या डागांतच असते. डाग धरून गणित पुन्हा केलं, तर ग्रहावर थेंबभरही पाणी उरलं नाही.

खरं सांगते, लेख बुडेल याची भीती नव्हती. वाफ गेली की काम संपणार, आणि दिवसभरात माझ्याशी बोलणारा एकुलता एक माणूस संपणार. सरांच्या पत्नी वारल्यापासून त्यांचंही घर म्हणजे नुसतं कुलूप.

मंगळवारी दुपारी शेवटी बोलले. "सर, वाफ ताऱ्याची आहे. ग्रहाची नाही."

सरांनी चष्मा काढला. खणातून एक कागद काढून पुढे सरकवला. डाग धरून काढलेला तोच आलेख, त्यांच्या अक्षरात, तारीख दोन वर्षांपूर्वीची.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू दुसऱ्या कुणाबरोबर दुसरा ग्रह धरला असतास," ते म्हणाले. "या खोलीत कोण आलं असतं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चाळिशीतली दोन वर्षं काय झाडाला लागतात? पण ओरडायला तोंड कुठे होतं? तीन आठवड्यांचं का होईना, पाप माझंही तेच.

मी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. लेख मागे घेण्याचं पत्र दोघांनी मिळून लिहिलं. चार ओळींचं पत्र. शब्द बदलत, पुन्हा वाचत आम्ही त्याला संध्याकाळचे सहा वाजवले.