ओग्न्यानचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. वेगाचे आकडे मिरवणाऱ्या माणसांबद्दल मला काडीचाही आदर नाही, हे आधीच सांगून टाकते.

धुळीचा कणही चालत नाही अशा एका खोलीत, तोंडाला फडकी बांधलेल्या बायकांनी मला जोडले. तिथून मी डॅन्यूबकाठच्या रुसे शहरात, ओग्न्यान आणि रुम्याना या नवरा-बायकोच्या संगणकात आले. रुम्याना बाहुल्यांची नाटके लिहायची. दोन हिवाळे खपून तिने माझ्यावर एक मोठे नाटक रचले, पुरात वाहून गेलेल्या गावाचे. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मी कुरकुरत का होईना, पण तिचा शब्दन् शब्द जपला. संगणक बंद करताना ती पेटीवर क्षणभर हात ठेवायची. तेवढी शाबासकी मला पुरे होती.

ओग्न्यान काही लिहीत नसे. तो मोजत असे. वेग मोजणारा एक प्रोग्राम त्याने कुठूनसा आणला होता. तो चालू केला की मी उगाच धावायचे आणि पडद्यावर आकडा यायचा. शेजारच्या गेंचोचा आकडा मोठा निघाला, तेव्हापासून या गृहस्थाला जेवण गोड लागेना. राकिया या कडक दारूचे पेले हातात घेऊन दोन बाप्ये माझ्यावरून हमरीतुमरीवर यायचे. त्या वेगाने करायचे काय, ते मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते.

माझ्यावरचा मजकूर सलग नसे. माझ्या गोल तबकडीवर मजकूर ठेवायची घरे असतात; त्यांतली मधली दोन-दोन सोडून तो मांडलेला असे. आमचा संगणक संथ. एक घर वाचून तो पुढच्यासाठी तयार होईपर्यंत माझी तबकडी तेवढी फिरलेली असे. ओग्न्यानने कुठेतरी वाचले की, घरे सलग केली तर वेग वाढतो. त्यासाठी मला पार पुसून नव्याने आखावे लागते, हेही त्याने वाचले होते. म्हणून आपले खेळ त्याने आठवणीने फ्लॉपींवर उतरवून घेतले. नाटक त्याच्या ध्यानातही आले नाही.

मी कोरी झाले. आकडा पूर्वीपेक्षाही लहान आला. संथ संगणकाचे पुढचे घर दर वेळी हुकायचे आणि ते पुन्हा समोर यायला मला अख्खी फेरी मारावी लागायची.

रुम्याना बाजारातून आली. सगळे ऐकून अंगातल्या कोटासकट खुर्चीवर बसली.

“किती आला आकडा?” तिने विचारले.

त्याने मान खाली घालून सांगितला.

“शनिवारी नाट्यगृहात तोच पाठवते. बाहुल्यांना म्हणावं, हे बोला.”

थोड्याच दिवसांत ती शुमेनला बहिणीकडे निघून गेली. तिथे टाइपरायटरवर, आठवेल तसे, तिने नाटक पुन्हा लिहून काढले. त्याचा प्रयोग झाला तेव्हा गेंचो मुद्दाम पाहून आला. म्हणाला, पोरे हसत होती, मोठी माणसे डोळे पुसत होती आणि रुम्याना सगळ्यांच्या मागे उभी होती. ओग्न्यानने सगळे ऐकून घेतले.

“आता तिच्याकडे कोणता संगणक आहे?” त्याने विचारले.

गेंचो उठून घरी गेला.

मित्रांनो, वेग खुशाल मोजा. पण यंत्र पुसण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, यात तुमचे काही आहे का. मी मुकी होते, मला विचारता आले नाही. ओग्न्यानला तोंड होते.